नऊ तासांचें अंतर
[नभोवाणीवरील भाषण]

"मुंबईहून लंडन किती लांब आहे?" हा प्रश्न मीं वर्गांत किती वेळां विचारला असेल याची गणती नाहीं. छत्तीस वर्षें मी कोंकणांतील एका खेड्याच्या शाळेंत भूगोल आणि अंकगणित शिकवीत होतों. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यावर अध्यापनाची पदविका, एवढेंच. तेव्हां आजचें हें भाषण विद्वानाचें नव्हे, एका मास्तराचें आहे. आणि तेंही चुकलेल्या मास्तराचें आहे. ज्या प्रश्नाचें उत्तर मीं मुलांकडून घोकून घेतलें, त्याच प्रश्नांत मी उतारवयांत नापास झालों, आणि त्या चुकीचें मोल माझ्या घरच्या माणसांना द्यावें लागलें. ती हकीकत आधीं सांगतों. मग तिचा हिशेब आपण सर्वजण मिळून मांडूं.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. श्रावणाचे दिवस होते. राजापूर तालुक्यांतील आमच्या गांवीं पहाटे चार वाजतां माझे थोरले बंधु वारले. त्यांचा वडील मुलगा लंडनला नोकरीस, धाकटा घरींच. लगेच लंडनला फोन केला. तिकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजले होते. "काका, मी निघतों, बाबांना ठेवा," एवढेंच तो बोलूं शकला. सहाच्या सुमारास त्याचा निरोप आला, "सकाळीं दहाच्या विमानांत जागा मिळाली." नंतर थोड्याच वेळांत पावसाच्या जोरानें गांवांतील फोन बंद पडले, ते पुढें दोन दिवस सुरू झाले नाहींत.

वहिनींनीं मला विचारलें, "भावोजी, पोर केव्हां पोंचेल?"

मास्तराला हिशेब विचारला कीं त्याला थांबवत नाहीं. मी म्हणालों, "वहिनी, लंडन आतां नऊ तासांवर आलें आहे. दहाला निघेल, सातला मुंबईस उतरेल. दीड तास विमानतळाबाहेर पडण्यास धरा. पुढें पावसांतली वाट, अकरा तास. उद्यां सकाळीं साडेसातला तो दारांत उभा असेल."

माझ्या या शब्दावर सारें घर थांबलें. तालुक्याहून बर्फाच्या लाद्या आणविल्या. रात्र कशीबशी सरली. साडेसात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले. गाडीचा आवाज आला कीं वहिनी उंबऱ्यापर्यंत जात आणि परत येत. गांवांतील वृद्ध मंडळी मजकडे पाहूं लागली. मजजवळ सांगण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. अपघात झाला असेल काय, विमान सुटलेंच नसेल काय, अशी कुजबूज सुरू झाली. अखेर दहा वाजतां उचललें. धाकट्यानें अग्नि दिला. स्मशानांतून परत येऊन आम्ही ओसरीवर टेकलों, तोंच थोरला पुतण्या पायरी चढून आला. घड्याळांत बरोबर बारा वाजले होते.

सर्वांना वाटलें, त्याला उशीर झाला. खरें पाहतां तो एक मिनिटही उशिरां आला नव्हता. माझा अंदाज साडेसातचा, तो आला बारा वाजतां. मध्यें साडेचार तास. श्रोतेहो, उन्हाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्या मागें असतें तें नेमकें साडेचार तास! "सकाळीं दहा" हे त्यानें लंडनचे दहा सांगितले होते. मीं ते ओसरीवरच्या घड्याळाचे दहा धरले. रेखांश आणि वेळ हा धडा छत्तीस वर्षें शिकविणाऱ्या माणसाची ही चूक. शोकांत मनुष्य चुकतो, हें खरें. पण ज्यांनीं माझ्या शब्दावर रात्र काढली त्यांना ही सबब सांगून काय उपयोग? बारा वाजतां येणार असें पहिल्यापासून ठाऊक असतें, तर मंडळी बारा वाजेपर्यंत नक्कीच थांबलीं असतीं. पण एकदां फसलेली आशा माणसाला आणखी दोन तास थांबूं देत नाहीं.

त्या दिवसापासून मीं या अंतराचा हिशेब नव्यानें शिकावयास घेतला. मला आढळलें कीं मुंबई आणि लंडन यांमध्यें एक अंतर नाहीं. अनेक अंतरें आहेत, आणि तीं सारीं "नऊ तास" या दोन शब्दांत बुजून जातात.

पहिलें अंतर पृथ्वीच्या गोलाचें. तें मोजण्यास विद्वत्ता लागत नाहीं. शाळेंतील पृथ्वीगोल आणि एक दोरा पुरतो. दोऱ्याचें एक टोंक मुंबईवर धरावें, दुसरें लंडनवर, आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. तोच दोरा मग विषुववृत्तावर ठेवून किती अंश भरतो तें पाहावें. तो सुमारे ६५ अंश भरतो. पृथ्वीचा परीघ स्थूलमानानें ४०,००० किलोमीटर. त्यास ३६० नीं भागलें कीं एका अंशास १११ किलोमीटर येतात. ६५ गुणिलें १११ म्हणजे ७,२०० हून किंचित् अधिक. मुंबई-लंडन हें सरळ अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर आहे, तें असें.

आतां हा दोरा कोठून जातो तें पाहावें. फार मौज वाटते. मुंबईहून निघून सौराष्ट्राच्या बाजूनें तो जवळजवळ कराचीवर येतो. तेथून बलुचिस्तान, इराणचा पूर्व व उत्तर भाग, कास्पियन समुद्राचा दक्षिण कांठ असें करीत करीत तो आर्मेनिया व जॉर्जिया यांच्या सरहद्दीशीं येतो. तेथें त्याचा मध्य. पुढें काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेनचा पश्चिम भाग, पोलंड व चेकिया यांची सरहद्द, जर्मनी आणि मग लंडन. भिंतीवरच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशांत मात्र दोन शहरांवर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती दक्षिण इराणवरून, बगदादच्या जवळून, तुर्कस्थान व बाल्कन देशांवरून जाते. ही रेघ डोळ्यांना सरळ दिसते, पण ती सुमारें ७,४०० किलोमीटर भरते. जी वाट कागदावर सरळ, ती पृथ्वीवर दोनशें किलोमीटर लांब, आणि जी पृथ्वीवर सरळ ती कागदावर वांकडी! मुलांनो, नकाशा खोटें बोलत नाहीं, पण गोल वस्तु सपाट करतांना त्याला कांहीं तरी लपवावें लागतें, असें मी वर्गांत सांगत असें.

दुसरें अंतर माणसांनीं घातलेल्या कुंपणांचें. दोऱ्याला सरहद्दी ठाऊक नसतात, विमानाला असतात. फेब्रुवारी २०१९ मध्यें पाकिस्ताननें आपलें आकाश बंद केलें, तें जुलै महिन्यांत उघडलें. एप्रिल २०२५ मध्यें भारतीय विमानांना तें पुन्हां बंद झालें. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं युद्ध पेटतांच युक्रेनचें आकाश नागरी विमानांना मिटलें. म्हणजे आपला दोरा या काळांत दोन ठिकाणीं तुटला: एकदां कराचीपाशीं आणि एकदां काळ्या समुद्रापलीकडे. विमान मग वळसा घेतें. त्यांतल्या त्यांत मुंबईचें एक भाग्य असें, कीं तिच्या पुढ्यांत अरबी समुद्र मोकळा आहे. समुद्रावरून ओमानकडे किंवा आखाताकडे वळून पुढची वाट धरतां येते. उत्तरेकडील शहरांना ही सोय तितकीशी नाहीं. पण वळसा तो वळसाच. कोणत्या दिवशीं कोणतें आकाश उघडें असेल हें शाळेच्या पुस्तकांत छापलेलें नसतें, आणि म्हणून अंतराचा आंकडा पाठ करून भागत नाहीं.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. तुम्हीं शाळेंत नाव आणि प्रवाह यांचीं उदाहरणें सोडविलीं असतील. आकाशांतही तसाच प्रवाह आहे. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांचा वेग कधीं कधीं ताशीं दोनशें किलोमीटरांच्याही वर जातो. मोठीं विमानें त्याच उंचीवरून उडतात. लंडनहून मुंबईस येतांना हा वारा पाठीशीं असतो, मुंबईहून लंडनला जातांना तोंडावर. म्हणून येण्यास साधारण साडेआठ ते नऊ तास लागतात, आणि जाण्यास साडेनऊ ते दहा. वाट तीच, विमान तेंच, पण जाण्याचें अंतर एक आणि येण्याचें दुसरें.

येथें एक गंमतीचें गणित सांगतों. कोणी म्हणेल, जातांना वारा जेवढें मागें ओढतो तेवढेंच येतांना पुढें ढकलतो, म्हणजे फिट्टंफाट झाली. तशी ती होत नाहीं. विमानाचा स्वतःचा वेग ताशीं ९०० किलोमीटर धरा आणि वारा १०० चा. वारा नसता तर ७,२०० किलोमीटरांस आठ तास, जाऊन-येऊन सोळा. आतां वाऱ्याविरुद्ध वेग ८००, म्हणून नऊ तास; वाऱ्याबरोबर वेग १,०००, म्हणून सात तास बारा मिनिटें. बेरीज सोळा तास बारा मिनिटें. बारा मिनिटें गेलीं कोठें? प्रतिकूल वाऱ्यांत विमान अधिक वेळ राहतें, अनुकूल वाऱ्यांत थोडा वेळ. म्हणून तोटा नेहमीं नफ्याहून मोठा. हें गणित आकाशापुरतेंच खरें आहे असें मला वाटत नाहीं. प्रत्यक्षांत या आंकड्यांत विमान धांवपट्टीपर्यंत नेण्याचा, चढण्या-उतरण्याचा व वळशांचा वेळ मिळवावा लागतो, तेव्हां कोठें वेळापत्रकांतले नऊ तास तयार होतात.

चौथें अंतर घड्याळाचें, आणि यांतच माझा घात झाला. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासास १५ अंश, एका अंशास चार मिनिटें. मुंबईचा रेखांश सुमारें ७३ अंश पूर्व. त्यास चारांनीं गुणिलें कीं मुंबईचा सूर्य ग्रिनिचच्या सूर्याच्या सुमारें ४ तास ५१ मिनिटें पुढें आहे असें निघतें. मुंबईचें जुनें स्थानिक घड्याळ याच हिशेबानें ४ तास ५१ मिनिटें पुढें चालत असे, आणि १९०६ सालीं देशाची प्रमाणवेळ ठरल्यावरही शहरानें तें पुष्कळ वर्षें सोडलें नाहीं. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, म्हणून ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढें. याच्या पुढची पायरी मी विसरलों असें नव्हे. मी सारी शिडीच विसरलों. इंग्लंडांत मार्चच्या शेवटच्या रविवारीं घड्याळें एक तास पुढें करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं पुन्हां मागें घेतात. म्हणून हिवाळ्यांत अंतर साडेपांच तासांचें, उन्हाळ्यांत साडेचारांचें. लंडनला दहा वाजतां निघालेलें विमान नऊ तासांनीं मुंबईस पोंचतें तेव्हां तिकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. मुंबईस उन्हाळा असल्यास रात्रीचे साडेअकरा, हिवाळा असल्यास साडेबारा. मजकडून एवढें एकच वाक्य त्या दिवशीं बोललें गेलें असतें तर!

आतां पांचवें अंतर. याला भूगोलाच्या पुस्तकांत नांव नाहीं. मी त्याला दारापासून दारापर्यंतचें अंतर म्हणतों. माझ्या पुतण्याच्या प्रवासाचा जमाखर्च ऐका. आमचा फोन गेल्यापासून विमान सुटेपर्यंत साडेदहा तास. कारण मध्यरात्रीं विमान मिळत नाहीं. तेथील विमानतळावर रात्रीच्या उड्डाणांवर निर्बंध आहेत, आणि विमान असलें तरी जागा असावी लागते. विमानांत नऊ तास. उतरल्यावर पारपत्राची तपासणी, सामान, गाडी यांत दीड तास. मुंबई ते आमचें गांव, भर पावसांत, अकरा तास. एकंदर बत्तीस तास. त्यांतले आकाशांतले नऊ, म्हणजे पावभागाहून थोडे अधिक. राहिलेले तेवीस तास जमिनीवरचे. सात हजार दोनशें किलोमीटर नऊ तासांत, आणि शेवटचे पावणेचारशें किलोमीटर अकरा तासांत! असें असतां आम्ही सर्वजण त्या नऊ तासांचाच तेवढा उच्चार करतों. तिकिटावर जें छापलेलें असतें तें अंतर. रांगेंत उभें राहावें लागतें, घाटांत थांबावें लागतें, तें जणूं अंतरच नव्हे.

या "नऊ तासां"चा अभिमान बाळगण्यास कारण नाहीं असें मात्र मी म्हणत नाहीं. शिडाचीं जहाजें आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून जात, तेव्हां या प्रवासास पांच-सहा महिने लागत. २० मार्च १८३० रोजीं मुंबईच्या गोदींत बांधलेली 'ह्यू लिंड्से' ही आगबोट मुंबईहून निघाली, ती वाटेंत कोळसा घेत घेत तेहतीस दिवसांनीं सुएझला पोंचली. तेवढ्यानेंही लोक थक्क झाले. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुएझचा कालवा उघडला आणि समुद्रमार्ग सुमारें दोन-पंचमांशांनीं तुटला. ३० मार्च १९२९ रोजीं लंडन-कराची ही विमानसेवा सुरू झाली. तिला सात दिवस लागत, आणि त्यांतला एक टप्पा आगगाडीनें करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं त्याच कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईस विमान आणलें. ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' हें एअर-इंडियाचें विमान मुंबईहून सुटलें, तें कैरो व जिनीव्हा घेत १० जूनला लंडनला उतरलें. १९६० सालीं याच वाटेवर एअर-इंडियाचीं जेट विमानें आलीं. त्यानंतर वाटेंतले मुक्काम गेले, पण विमानाचा वेग जवळजवळ तोच राहिला आहे. आपल्या वडिलांच्या तरुणपणीं विमान ज्या वेगानें उडत होतें, साधारण त्याच वेगानें तें आजही उडतें. पांच महिन्यांपासून एका दिवसापर्यंत आपण सव्वाशें वर्षांत आलों. पुढचीं साठाहून अधिक वर्षें तेथेंच उभे आहों.

पण बातमीचा वेग थांबला नाहीं. आणि मला आज जें मुख्यतः सांगावयाचें आहे तें येथेंच आहे.

साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांचे वकील रंगो बापूजी आपल्या धन्याची दाद लावून घेण्यासाठीं लंडनला जाऊन राहिले, ते १८५३ पर्यंत. इकडे १८४७ सालीं महाराज काशीस वारले. त्या काळीं तारायंत्र हिंदुस्थानापर्यंत पोंचलें नव्हतें. तें दुःखाचें वर्तमान टपालाच्या पिशवींतून, घोड्यावरून, उंटावरून, आगबोटींतून, माणसाच्याच वेगानें त्यांच्यापर्यंत गेलें असणार. बातमी आणि माणूस एकाच गलबतांतून प्रवास करीत होते. लंडनांतल्या माणसाला घरचें मरण कळे तेव्हां सर्व विधि कधींच आटोपलेले असत. त्याची वाट कोणी पाहत नसे. हें क्रूर होतें. पण त्यांत एक शांतता होती. अशक्य गोष्टीची कोणी आशा धरीत नाहीं.

१८७० सालीं समुद्राखालील तार मुंबईस येऊन मिळाली आणि बातमी व माणूस यांची फारकत झाली. बातमी पुढें गेली, माणूस मागें राहिला. पुढें दूरध्वनि आला. आतां खिशांतल्या फोनवर चेहराही दिसतो. बातमीला आज एक क्षण लागतो, आणि माणसाला बत्तीस तास. पूर्वीं घर आणि परदेश यांच्यामध्यें समुद्र होता. आतां हे बत्तीस तास आहेत. या मधल्या वेळांत बर्फाच्या लाद्या आणाव्या लागतात. आई उंबऱ्यावर उभी राहते. आणि लेक दोन खुर्च्यांच्या मध्यें गुडघे आंखडून, ज्याचें तोंड पाहण्यास निघाला त्याचें तोंड दिसेल किंवा नाहीं हा हिशेब करीत बसतो. जग जवळ आलें असें म्हणतात. जवळ आली आहे ती वार्ता. माणूस अजून दूरच आहे. आणि दूर असलेल्या माणसाला जवळ समजणें, हाच या काळांतला भ्रम आहे.

कोंकणांतच नव्हे, महाराष्ट्रांतल्या गांवोगांवीं आज असें घर आहे, कीं ज्याचा मुलगा, मुलगी, नातू किंवा भाचा समुद्रापलीकडे आहे. अशा घरांतल्या मंडळींना या म्हाताऱ्या मास्तराची हात जोडून विनंती आहे. दूरच्या मुलाला निरोप पाठविण्यापूर्वीं आणि घरांतल्यांना वेळ सांगण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा. सांगितलेली वेळ कोणत्या घड्याळाची? विमान सुटण्यापूर्वींचे तास किती? आणि उतरल्यानंतरचे किती? मुलांनींही निरोप पाठवितांना नुसते "दहा" लिहूं नये. "येथील दहा, तुमचे अडीच" असें लिहावें. त्याला चार शब्द अधिक लागतात. त्या चार शब्दांपायीं आमच्या घरांत एक मुलगा बापाच्या शेवटच्या दर्शनास मुकला. आणि थांबावयाचें कीं नाहीं हें ठरविण्याचा हक्क ज्यांचा आहे, त्यांच्या हातीं पूर्ण आंकडा द्या. अर्धा आंकडा हा खोट्या आंकड्याहून वाईट. कारण खोट्याचा संशय तरी येतो, अर्ध्याचा येत नाहीं.

माझ्या पुतण्यानें मला कधीं दोष दिला नाहीं. त्या दुपारीं ओसरीवर मीं त्याला सारें सांगितलें तेव्हां तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "काका, मीच कोणते दहा तें लिहावयास हवें होतें." वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. तेराव्यानंतर एके दिवशीं त्या चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही साडेसात म्हणालां होतां ना, म्हणून मीं त्याच्यासाठीं सातलाच पाणी तापवून ठेवलें होतें." एवढेंच. त्यांत राग नव्हता, म्हणूनच तें वाक्य मला अजून विसरतां येत नाहीं.

पुतण्या आतां दर वर्षीं गणपतीला येतो. त्याचा निरोप आला कीं मी पाटीवर पांच ओळी लिहितों: घरून किती वाजतां निघणार, विमान किती वाजतां सुटणार, आपल्या घड्याळांत तें किती, मुंबईस केव्हां उतरणार, आणि घाटाला किती तास द्यावयाचे. पाटी ओसरीवर टांगून ठेवतों. वहिनींना आतां डोळ्यांनीं कमी दिसतें, त्या मला विचारतात, "भावोजी, केव्हां येईल?" मी पाटी पुन्हां एकदां तपासतों आणि मग सांगतों, "वहिनी, बारापूर्वीं दाराशीं जाऊं नका."

त्या बारापर्यंत आपल्या कामांत असतात. मग उठून पाणी तापत ठेवतात.